जुना चिपर बेळगावहून चोर्ला घाटाने गाडीला जोडून आणता येईल का?

तुमचा प्रश्न असा: माडाच्या झावळ्या आणि कुळागरातल्या (सुपारी-माडाच्या बागेतल्या) फांद्या बारीक करायला बेळगावात दोन चाकांचा जुना चिपर घेतलाय, तो बोलेरोच्या मागे लावून चोर्ल्याने गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आणायचाय, धोका कितपत?

आणता येईल. पण हूक नीट बघितल्याशिवाय तिथून हलू नका. अशी मशिनं वाटेत सुटतात ती बहुतेक जोडणीपाशीच, आणि सुटलेलं मशीन समोरच्या स्कूटरवाल्याच्या अंगावर जातं. अमेरिकेत झाडं कापणारे रोज असे चिपर ट्रकमागे ओढतात. तिथेही मशीन सुटून समोरच्या गाडीवर गेल्याने माणसं दगावली आहेत.

साखळीजवळ ट्रॅक्टरमागचा एक चिपर गतिरोधकावर सुटलेला मी पाहिलाय. पिनला क्लिपऐवजी बाइंडिंग वायर पिळली होती. पिन एका बाजूने झिजून चकचकीत झालेली, आणि तार तुटून पडलेली. मशीनचा पुढचा, गाडीला जोडायचा दांडा डांबरात रुतला, मशीन आडवं फिरलं. त्या क्षणी रस्त्यावर कोणी नव्हतं म्हणून निभावलं. तुमच्याकडे पिनची जोडणी असेल तर नवी पिन आणि लोखंडी क्लिप घ्या, तारेवर अजिबात भागवू नका.

गोळ्याचा हूक असेल, म्हणजे गाडीला गोळा आणि दांड्याच्या टोकाला त्यावर बसणारा कप, तर माप जुळवा. 1⅞ इंची गोळा म्हणजे 47.6 मिमी, 2 इंची म्हणजे 50.8. लहान गोळ्यावर मोठा कप बसतो, सपाट रस्त्यावर चालतोही, आणि खड्ड्यात गाडीचा मागचा भाग खाली दबला की वर उचलला जाऊन निसटतो. माप बहुधा गोळ्यावर आणि कपावर कोरलेलं असतं. कप लॉक केल्यावर चिपरच्या पुढच्या जॅकने दांडा वर उचला. बोलेरोचा मागचा भागही बरोबर उचलला गेला तर पकड खरी. मग जॅक पूर्ण वर घेऊन त्याची पिन लावा.

त्याशिवाय दोन सेफ्टी साखळ्या हव्यातच. दांड्याखालून एकमेकींना ओलांडून चेसिसला अडकवा, हुकाच्या बोल्टला नव्हे. म्हणजे हूक सुटला तरी दांडा साखळ्यांवर टेकतो, रस्त्यात रुतत नाही. वळणापुरती ढील ठेवा, पण जमिनीला घासू देऊ नका.

कितीतरी जुनी मशिनं बागेत वर्षानुवर्षं उभी असतात, त्यामुळे टायर बाजूने तडकलेले असतात आणि बेअरिंगमधलं ग्रीस सुकलेलं असतं. निघण्यापूर्वी बेअरिंग उघडून ग्रीस भरून घ्या, हा खर्च टाळू नका. चिप्स फेकणारं तोंड मागच्या दिशेला फिरवून लॉक करा, फांद्या घालायचा ट्रे दुमडून पिन लावा. आमच्या अरुंद रस्त्यांवर बाहेर आलेला ट्रे सरळ दुचाकीवाल्याला लागतो. मागचे दिवे आणि नंबर झाकले गेले तर चिपरवर लावा. नोंदणी आणि विम्याचंही आधी विचारून ठेवा.

जांबोटी, कणकुंबीपर्यंत रस्ता सोपा आहे. कणकुंबीला थांबून चाकांचे नट पुन्हा आवळा, हबजवळ (चाकाच्या मध्यापाशी) हात न्या. एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त तापला असेल तर पुढे जाऊ नका. तिथून घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश या. चिपरला स्वतःचे ब्रेक नसतील तर तो मागून ढकलत राहतो. मशीन डोलायला लागलं तर ब्रेक दाबू नका, एक्सिलरेटर सोडून स्टिअरिंग सरळ धरा. पावसात तर घाट टाळाच.

घरी पोचल्यावर चिपर गाडीपासून सोडण्याआधी त्याच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून चिरे लावा, आणि रिव्हर्स घेताना गाडी व चिपर यांच्या मध्ये कोणालाच उभं राहू देऊ नका, हात दाखवणारा माणूस बाजूला हवा.