बोलिव्हारपासून सुरुवात करू नकोस

अरे लॅटिन अमेरिकेचा इतिहास वाचायचाय ना, मग डायरेक्ट सिमोन बोलिव्हारवर (दक्षिण अमेरिकेत स्पेनविरुद्ध लढलेला सेनानी) उडी नको, आधी हैती घे. नाहीतर सगळं त्या एकट्यानेच केलं असं वाटायला लागतं. १७९१ मध्ये फ्रेंचांच्या सँ-दोमँग वसाहतीत (म्हणजे आजची हैती) गुलामांनी उठाव केला, त्यातून तुसाँ लुव्हेर्त्यूर पुढे आला, स्वतः गुलामीत जन्मलेला माणूस. नेपोलियनच्या लोकांनी त्याला १८०२ मध्ये बोलणी करू म्हणून बोलावून पकडलं (चक्क दगा!), फ्रान्सला नेलं आणि १८०३ मध्ये तिथल्या थंडगार किल्ल्यात तो कैदेतच वारला, पण त्याचा सेनापती देसालीन काही थांबला नाही, १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र.

आता गंमत बघ, स्पेनकडून हरून पळालेल्या बोलिव्हारला १८१६ मध्ये बंदुका आणि दारूगोळा कोणी दिला? हैतीच्याच अध्यक्ष पेतियोंने, आणि बदल्यात मागितलं काय तर गुलामांची मुक्तता. तो शब्द कितपत पाळला गेला ते नीट वाच, कारण व्हेनेझुएलात गुलामी १८५४ पर्यंत चालूच होती. आणि हो, नकाशा शेजारी ठेव, सान मार्तिन (अर्जेंटिना-चिलीच्या स्वातंत्र्याचा सेनानी) सावकाश घे.