देवाची कृपा साध्या माणसाचं आयुष्य अचानक कशी बदलते? कॅथलिक श्रद्धा काय सांगते?

कृपा ही देवाची देणगी आहे, ती कमावता येत नाही. म्हणूनच ती माणसाला बेसावध गाठते. मला नेहमी संत इग्नेशियस लोयोला आठवतात, आधी सैनिक असलेले स्पॅनिश संत. १५२१ साली स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडून त्यांनी वाचायला शौर्यकथा मागितल्या, हाती आली ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रं. पराक्रमाची स्वप्नं रंगवली की नंतर मन कोरडं पडे. संतांसारखं जगायचा विचार केला की समाधान टिकून राही. एवढाच फरक जाणवला, आणि सगळी दिशा फिरली. पुढे त्यांनी स्थापन केलेल्या येशूसंघाला, म्हणजे जेझुइट धर्मसंघाला, १५४० मध्ये पोपची मान्यता मिळाली.

कृपा जबरदस्ती मात्र करत नाही, माणसाचा होकार लागतोच. आणि बहुतेकांना ती अशी नाट्यमय भेटतही नाही. वर्षानुवर्षं धरून ठेवलेला राग एखाद्या पापनिवेदनानंतर, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली दिल्यावर, गळून पडतो, इतकंच.