दबावाखाली ‘प्रार्थनेला जाणार नाही’ असे लिहून देणारा विश्वासातून पडला का?

आपण विचारले आहे की, गावकऱ्यांच्या दबावाखाली आपल्या मामेभावाने यापुढे प्रार्थनासभेला जाणार नाही असे कागदावर लिहून दिले. तर तो विश्वासाला कायमचा मुकला का, आणि जीव गेला तरी जे डगमगत नाहीत तेच तेवढे खरे ख्रिस्ती का. मी बेळगावातील एका मराठी ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) सभासद आहे. माझ्या मते आपला भाऊ अडखळला आहे, मंडळीबाहेर गेलेला नाही. आणि हे मी त्याची कीव येऊन म्हणत नाही, कारण नेमका हाच प्रश्न मंडळीपुढे फार पूर्वी, याहून कितीतरी भीषण स्वरूपात उभा राहिला होता.

सन 250 मध्ये रोमन सम्राट डेशियस याने हुकूम काढला की साम्राज्यातील लोकांनी देवतांना बळी अर्पण करावा आणि तसे केल्याचा दाखला अधिकाऱ्यांकडून घ्यावा. असे पपायरसवर लिहिलेले दाखले इजिप्तमध्ये पुढे सापडले. रोमचा बिशप फॅबियन त्याच वर्षी मरण पावला, अनेक जण तुरुंगात खितपत पडले. पण पुष्कळांनी भीतीपोटी अर्पण केले, आणि काहींनी अर्पण न करता पैसे चारून नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हे सगळे रडत मंडळीच्या दाराशी आले. रोममध्ये नोव्हेशियन नावाच्या मंडळीतील एका धर्मसेवकाने ठामपणे सांगितले की अशांना पुन्हा कधीही आत घेऊ नये. उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि त्याच्याबरोबरचे बिशप यांनी 251 च्या सभेत वेगळे ठरवले: प्रत्येकाचे प्रकरण स्वतंत्रपणे पाहावे, दाखला विकत घेणारा आणि प्रत्यक्ष बळी अर्पण करणारा यांना एकाच मापाने मोजू नये, आणि पश्चात्ताप करणाऱ्यासाठी परतीची वाट मोकळी ठेवावी. पुढे नव्या छळाची चिन्हे दिसू लागली तेव्हा त्यांनी पश्चात्ताप करत थांबलेल्यांना लगेच सहभागितेत घेतले, कारण ज्यांना उद्या संकटाला तोंड द्यायचे आहे त्यांना प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या) बळाशिवाय पाठवणे त्यांना योग्य वाटले नाही. मंडळीने नोव्हेशियनचे नव्हे, सिप्रियनचे ऐकले. पडलेल्यांतूनच उद्याचे साक्षीदार उभे राहतील यावर त्या लोकांचा भरवसा होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

सिप्रियन स्वतः 250 मध्ये लपून राहिला होता आणि पत्रे पाठवून मंडळी सांभाळत होता. त्यावरून त्याच्यावर टीकाही झाली. मात्र 258 मध्ये पुन्हा पकडायला आले तेव्हा तो थांबला, शिक्षा ऐकून त्याने देवाचे आभार मानले आणि आपले शिर उडवणाऱ्याला पंचवीस सोन्याची नाणी द्यायला सांगितले. लपणारा आणि मरणारा माणूस एकच होता, हे त्याला भेकड म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावात पळून जा, असे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभूनेच सांगितले आहे. स्मुर्णा येथील वृद्ध बिशप पॉलिकार्पही आधी मळ्यांतल्या घरांत आश्रयाला राहिला होता. त्याच्या मृत्यूच्या वृत्तांतात क्विंटस नावाच्या माणसाची हकिगत आहे: तो आपणहून पुढे झाला, इतरांनाही त्याने भरीस घातले, आणि अंगावर सोडण्यासाठी आणलेली श्वापदे दिसताच त्यानेच शपथ घेऊन बळी अर्पण केला. आपणहून स्वतःला हवाली करणाऱ्यांची आम्ही स्तुती करत नाही, असे त्या मंडळीने तिथे स्वच्छ लिहून ठेवले आहे. मरण शोधणे हा ख्रिस्ती त्याग नव्हे. मात्र खोटे बोलल्याशिवाय सुटका नाही अशी वेळ आली, तर त्याची किंमत मोजणे हा त्याग आहे.

आपल्या सीमाभागात ही किंमत बहुधा रक्ताची नसते, भावकीची असते. मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी यांचा जन्म 1831 मध्ये बेळगावचा. मुंबईत ते परमहंस सभेत होते, जिथे जातिभेद मोडायचा तोही गुप्तपणे. त्या माणसाने 1854 मध्ये बाप्तिस्मा घेतला तो मात्र बेळगावातच, जिथे त्याला सगळे ओळखत होते. खानापूर तालुक्यातील माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांना वडील वारले तेव्हा भावकीने खांदा देऊ दिला नाही आणि पुढे जमिनीच्या वाटणीच्या बैठकीलाही बोलावले नाही. ते स्मशानाच्या कडेला उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी भावाच्या घरी नेहमीसारखे दूध पोहोचवून आले. त्यांनी भावकीविषयी कडवट शब्द काढल्याचे मी ऐकलेले नाही, आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील शत्रूंवर प्रीती करण्याची आज्ञा मला त्यांच्याकडे पाहूनच अधिक कळली आहे.

कायद्याचा आधार घेणे म्हणजे विश्वास कमी असणे, असेही समजू नका. प्रेषित पौलाने रोमन नागरिकत्व सांगून फटके टाळले आणि पुढे कैसराकडे, म्हणजे रोमन सम्राटाकडे, दाद मागितली. धर्मांतरावर निर्बंध घालणारे विधेयक डिसेंबर 2021 मध्ये बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधानसभेने मंजूर केले, त्याच महिन्यात येथील एका चर्चच्या आवारात एक जण तलवार घेऊन फादरांच्या अंगावर धावून गेला होता, आणि त्या दिवसांत घराघरांतल्या प्रार्थना थंडावल्या हे खरे आहे. 2022 मध्ये त्या विधेयकाचा कायदा झाला आणि जून 2023 मध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. पण या सगळ्या काळात धर्मस्वातंत्र्याचा हक्क देणारा संविधानाचा 25 वा अनुच्छेद जागेवरच होता. धमकावून लिहून घेतलेल्या कागदाने कुणाचा उपासनेचा हक्क संपत नाही. त्याबद्दल वकिलाचा सल्ला घेऊन पोलिसांकडे लेखी तक्रार करता येते. ती करायची की नाही हे मात्र भावाला ठरवू द्या, कारण गावात त्याला राहायचे आहे.

आपण त्याच्याकडे लवकर जावे, जमल्यास या आठवड्यातच. कागदाचा विषय आपण काढू नये. तो काढील तेव्हा शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. त्याला लाज वाटत असेल तर पाळकांना त्याच्या घरी न नेता आपल्या घरी बोलवावे आणि तिथे दोघांची भेट घडवावी. ‘तू आमच्यातला राहिला नाहीस’ हे वाक्य मंडळीतून कुणी उच्चारले असेल, तर ते उच्चारणाऱ्याने स्वतः जाऊन मागे घ्यावे, असे आपल्या वडीलमंडळींना माझ्या वतीने सांगितले तरी चालेल.