फाईल माझी नाही, ब्लॉगवर फक्त लिंक दिलीय, तरी कायद्यात अडकू शकतो का?

तुम्ही म्हणताय की ब्लॉगवर पुस्तकाबद्दल लिहिता आणि खाली कुणाच्या तरी ड्राइव्हवरच्या स्कॅन पीडीएफची लिंक देता, फाईल तुमची नाही, मग काय होणार. होतं. माझं झालंय म्हणून लिहितोय.

सहा वर्षं माझा जुन्या मराठी पुस्तकांचा ब्लॉग होता. परीक्षणं मन लावून लिहायचो, पण खरं सांगायचं तर लोक यायचे ते सगळ्यात खालच्या 'इथून डाउनलोड करा' साठी. त्याच्याखाली अजून एक ओळ असायची, आमच्या दाजींनी सांगितलेली. 'या ब्लॉगवर कोणतीही फाईल साठवलेली नाही, सर्व हक्क मूळ लेखक-प्रकाशकांचे, हरकत असल्यास कळवा, लिंक काढू.' दाजी तालुक्याच्या कोर्टात वाटणीचे दावे चालवतात. माणूस वाईट नाही, पण ते बोलायला लागले की समोरच्याने फक्त हो म्हणायचं. म्हणाले, बिनधास्त टाक, आपण फक्त पत्ता सांगतोय, चोरी थोडीच करतोय, आणि वर कॉपीराइट ॲक्टचं कलम 52 दाखवलं, इलेक्ट्रॉनिक लिंकला सूट आहे म्हणे, स्वच्छ लिहिलंय.

मग नोटीस आली. एका प्रकाशकाच्या वकिलाची, आधी ईमेलने (ती मी स्पॅम समजून सोडून दिली), मग रजिस्टर पोस्टाने, ते पाकीट आईने सही करून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत मी बँक बुडवल्यासारखं घरात वातावरण. नोटिशीत काय होतं माहितीय? माझीच ती ओळ, जशीच्या तशी, खाली रेघ मारून. म्हणजे हक्क दुसऱ्याचे आहेत हे यांना पक्कं माहीत होतं आणि तरी लिंक दिली. सगळा खेळ या 'माहीत असून'वरच आहे हो. कलम 63 जाणूनबुजून उल्लंघन करणाऱ्याला लागतं तसं त्याला साथ देणाऱ्यालाही लागतं, 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की हा गुन्हा दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र आहे. धंद्यासाठी केलं नसेल तर कोर्ट कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं, पण माझ्या ब्लॉगवर जाहिराती होत्या ना. सहा वर्षांत मिळून नऊ हजार काहीतरी आले असतील, तेवढ्यावर 'आर्थिक लाभ' हा शब्द नोटिशीत तीनदा.

त्या रात्री कलम 52 पहिल्यांदा मी स्वतः वाचलं. दाजींनी अर्धंच वाचलं होतं. 2012 च्या दुरुस्तीत आलेली ती सूट मुळात लिंक पुरवताना ओघात, तात्पुरती जी साठवण होते तिला आहे, आणि पुढे चक्क 'अनलेस' आहे, कॉपी चोरीची आहे हे माहीत असेल किंवा तशी शंका यायला कारण असेल तर सूट नाही. दाजी 'अनलेस'च्या अलीकडे उतरले होते. दाखवलं तर म्हणतात, "तू ती ओळ बोल्डमध्ये टाकायला नको होतीस."

70 च्या वर लिंका काढल्या, माफीचं पत्र दिलं, प्रकाशकाने पुढे ताणलं नाही. पत्र दाजींनीच लिहून दिलं, फी घेतली नाही, तेही सांगायला पाहिजे.

लोक तुम्हाला 21 दिवसांचंही सांगतील, तक्रार आली की 21 दिवस बंद ठेवायचं, कोर्टाची ऑर्डर नाही आली तर परत चालू. ते त्याच सूटवाल्यांसाठी आहे, हाताने शोधून लिंक चिकटवणाऱ्यासाठी नाही. टोपणनावावरही जाऊ नका, अनोळखी माणसावर आपल्याकडे 'अशोक कुमार' नावाने दावा लागतो, आणि 2022 मध्येच दिल्ली हायकोर्टाने टेलिग्रामला चॅनलवाल्यांची माहिती द्यायला लावली होती.

लिंक द्यायचीच तर हक्क संपलेल्या पुस्तकांची द्या. लेखक गेल्यावर 60 वर्षं, म्हणजे साने गुरुजी 1950 ला गेले, त्यांनी हयातीत छापलेलं सगळं 2011 पासून मोकळं. फक्त नव्या आवृत्तीची प्रस्तावना, चित्रं वगैरे स्कॅनमध्ये नकोत, त्यांचे हक्क वेगळे. राज्य सरकारच्या साहित्य संस्कृती मंडळाने स्वतःच्या साइटवर कितीतरी पुस्तकं फुकट ठेवलीत, तिथली थेट लिंक द्या, कोण नाही म्हणतंय.

मी वकील नाही, हे पुस्तकांपुरतं बोलतोय, पिक्चरचा कायदा अजून कडक आहे आणि नोटीस आलीच तर कॉपीराइटची कामं करणारा वकील गाठा, घरातला नको. आमचे दाजी अजून फॅमिली ग्रुपवर नव्या पिक्चरच्या टेलिग्राम लिंका टाकतात आणि खाली न चुकता लिहितात, 'फॉरवर्डेड ॲज रिसीव्ह्ड, ग्रुप ॲडमिन जबाबदार नाही.' ॲडमिन मी आहे.