स्टेव्हिया घेतला तर शुगर वाढत नाही का?

प्रश्न : डॉक्टर, मला टाइप २ डायबेटिस आहे. साखर बंद करून स्टेव्हियाची पावडर आणलीये, शिवाय अगेव्हचं सिरप पण, दोन्ही झाडापासूनच बनतात म्हणजे बिनधास्त चालेल ना?

उत्तर : नाही हो, दोन्ही एका मापात मोजू नका. स्टेव्हियाच्या पानातले ग्लायकोसाइड (गोड चव देणारे घटक) साखरेच्या २०० ते ३०० पट गोड असतात, म्हणून चिमूटभर पुरतं, आणि त्यातून ग्लुकोज मिळत नाही त्यामुळे शुगर वाढत नाही. अगेव्ह सिरप मात्र साखरच आहे, मुख्यतः फ्रुक्टोज (फळांमधली साखर), मीटरवर आकडा पटकन उडत नाही म्हणून लोक फसतात पण कॅलरी मिळतातच आणि जास्त झालं तर लिव्हरवर चरबी साठते. ते बाजूला ठेवा.

आता पावडरच्या पाकिटामागचं लेबल वाचा, प्लीज वाचाच! स्टेव्हिया थोडासाच आणि बाकी माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनलेली पावडर) किंवा डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजच) असं बऱ्याचदा असतं, आणि ते शुगर वाढवतं. एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असेल तर शुगर वाढत नाही, जास्त झालं तर पोट बिघडू शकतं.

२०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन कमी करायला साखरेऐवजीचे असे स्वीटनर (गोडवा देणारे पदार्थ) वापरू नका असं सांगितलं, त्यात स्टेव्हियाही होता, पण ती सूचना आधीपासून डायबेटिस असलेल्यांसाठी नव्हती.

अजून एक, इन्सुलिन किंवा गोळ्यांमुळे शुगर एकदम खाली गेली, घाम-थरथर सुटली तर तेव्हा स्टेव्हिया काही कामाचा नाही, खरी साखर किंवा ग्लुकोजच घ्यायचं. घरच्यांनाही हे सांगून ठेवा.