जागेवर लिही

बाळा, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. नाशिकजवळची पांडवलेणी, नांदूरमध्यमेश्वरचं पक्ष्यांचं पाणथळ आणि अंजनेरीचा डोंगर अशा तीन सहली झाल्या, मोबाइलमध्ये फोटोंचा ढीग साठला, आणि प्रकल्पवही उघडून बसलीस तर पानभरसुद्धा मजकूर सुचेना. 'मला यातलं काही कळतच नाही का?' असं तू विचारतेस. कळतं. तू फक्त लिहिण्याची वेळ चुकवलीस. घरी येऊन लिहायचं नसतं, जागेवर लिहायचं असतं. या पत्रात हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

वही खिशात मावेल अशी, कडक पुठ्ठ्याची आणि कोऱ्या पानांची घे. लिहायला शिसपेन्सिल, पेन नको. श्रावणात डोंगरावर पान ओलसर झालं की शाई पसरते, पेन्सिलीचं अक्षर टिकतं. पेन्सिल दोऱ्याने वहीलाच बांधून टाक. पोचल्यावर पहिली ओळ ठरलेली: तारीख, वेळ, नेमकी जागा, आभाळ कसं आहे, सोबत कोण. पुढची 20 मिनिटं मोबाइल पिशवीत. डाव्या पानावर चित्र, उजव्या पानावर शब्द. चित्र सुबक नसलं तरी चालेल, मापात हवं. त्यासाठी घरीच टेपने 10 मीटर अंतर आखून त्यात तुझी किती पावलं पडतात ते मोज, वीत किती सेंटीमीटरची आहे ते पाहा, आणि दोन्ही आकडे पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेव. फोटो सगळ्यात शेवटी, आणि त्यात पेन्सिल ठेवून. पेन्सिलीशिवाय काढलेल्या फोटोत तळहाताएवढा दगड आणि माणसाएवढा दगड सारखेच दिसतात.

आता पांडवलेण्यांचं घे. एका दिवसात 24 लेणी 'केली' म्हणजे एकही पाहिलं नाही. फक्त 3 आणि 10 क्रमांकाची लेणी घे. 10 क्रमांकाचं लेणं क्षहरात या शक घराण्यातल्या राजा नहपानाचा जावई उषवदात याने दिलेलं. 3 क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा लेख आहे, तिचा नातू राजा पुळुमावी याच्या 19 व्या राज्यवर्षातला, आणि त्यात तिच्या मुलाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, क्षहरातांचा वंश निर्मूळ केल्याचं सांगितलंय. म्हणजे जिंकलेल्यांचं आणि हरलेल्यांचं दान एकाच डोंगरात, चार पावलांवर. दोन्ही ओसऱ्यांमधला एकेक खांब काढ: तळ, मधला भाग, घंटेच्या आकाराचा शीर्षभाग, वरचे प्राणी. दोन चित्रं शेजारी आली की 3 क्रमांकाच्या खांबांवर 10 क्रमांकाच्या खांबांची छाप तुला आपोआप दिसेल. फोटो चाळताना हे दिसत नाही. हाताने रेघ ओढताना दिसतं, कारण हात प्रत्येक वळणावर थांबतो. म्हणून जागेवर.

10 क्रमांकाच्या ओसरीतला एक लेख तर गणिताच्या तासाला शिकवायला हवा. उषवदाताने 2000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा 1 व्याजाने ठेवले. त्या व्याजातून वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, राहणाऱ्या 20 भिक्खूंना प्रत्येकी 12 कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे. तिथेच बसून हिशेब कर: महिन्याला 20, वर्षाला 240, आणि 20 भिक्खू गुणिले 12, तेही 240. हिशेब चोख जुळतो. सुमारे 1900 वर्षांपूर्वीच्या, नाशिकजवळच्या गोवर्धनात ठेव होती, व्याज होतं आणि त्यावर विश्वास टाकता येईल अशी विणकरांची संघटना होती, हे त्या भिंतीसमोर कळलं की विसरत नाही. मात्र अक्षरं नीट दिसावीत म्हणून त्यांवर खडू, पाणी, पावडर काहीही लावायचं नाही. बाजूने तिरपा उजेड पडू दे, अक्षरं उठून दिसतात. हे लेख ब्राह्मी लिपीत आहेत; तिच्यातला 'क' म्हणजे साधी अधिकची खूण. तिथून सुरुवात कर.

नांदूरमध्यमेश्वरला तुम्ही सकाळी दहाला पोचलात, म्हणजे पक्षी विसाव्याला गेल्यावर. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, उजाडताना तिथे असायला हवं, आणि सूर्य पाठीशी राहील अशी जागा धर. समोर सूर्य असला की प्रत्येक बदक काळंच दिसतं. दुर्बीण 8 बाय 42 ची (8 पट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) पुरते. पक्षी दिसला की पुस्तक उघडू नकोस. आधी लिही: चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा, चोच कशी, पाय कुठल्या रंगाचे, पाण्यात बुडी मारतो, तरंगतो की चिखल चाळवतो. नाव सगळ्यात शेवटी. नाव आधी कळलं की डोळे काम थांबवतात, आणि पुस्तकातलं चित्रच तू वहीत उतरवतेस. थवा मोजताना 10 पक्षी मोज, तेवढा घोळका नजरेत धर, आणि असे किती घोळके मावतात ते पाहा. इतके पक्षी तिथे का, हेही बांधावर उभं राहूनच समजतं: गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे बंधारा घातला, गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि बेटं तयार झाली. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, माणसाने घातलेल्या बंधाऱ्यामुळे घडलं.

अंजनेरीचं थोडक्यात. पायवाट सोडायची नाही, फूल तोडायचं नाही. अंजनेरीचंच नाव मिळालेली कंदीलपुष्पाची जात दिसली तर पानं समोरासमोर आहेत का, फूल किती सेंटीमीटरचं, आजूबाजूला गवत की खडक, हे लिही; पण जागा कुणाला कळवू नकोस. कंद उकरून नेणारे असतात.

तू म्हणतेस, सरांनी माहिती सांगितली होती, तीच लिहिली तर काय बिघडतं? बिघडतं! ती त्यांची माहिती आहे, आणि त्यांनीही कुठून तरी उतरवलेली. या एका हट्टापायी मला हेकट म्हणणारे पुष्कळ आहेत. बस भरून येणारी मुलं लेण्यांसमोर सेल्फी काढून तासाभरात परतताना बघतो तेव्हा जीव तुटतो, आणि माझा हट्ट आणखी पक्का होतो. मुलांना वेळ नसतो म्हणे. तीन ठिकाणं गाळा, एक ठेवा, वेळ निघतो.

लांब जायला जमत नसेल तर रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती आहेच. अख्खं नाशिक त्याच्यावरून गोदावरीचा पूर मोजतं. उन्हाळ्यात पाणी उतरलेलं असताना त्याचं चित्र काढ आणि पाय, गुडघे, कंबर, छाती अशा खुणा कर. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की बातमीतला क्युसेकचा (सेकंदाला किती घनफूट पाणी) आकडा आणि पाणी कुठल्या खुणेला लागलं ते तारीख-वेळेसह टिप. पुरात घाटावर उतरायचं नाही, उंचावरून दुर्बिणीने बघ. काठावरच्या जुन्या दुकानदारांना विचार, कुठल्या साली पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं, आणि त्यांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत उतरव. तेही त्यांच्यासमोर उभं राहून.

जुने फोटो राहू देत, पण त्यांवरून प्रकल्प लिहू नकोस. या रविवारी एकटीने नको, मैत्रिणीला घेऊन पांडवलेण्यांवर जा, दोन लिटर पाणी ने, आणि आग्या मोहोळं असतात म्हणून अत्तर लावू नकोस. दोन खांब काढून आण. पुसून पुन्हा काढलेल्या रेघांसकट ते पान मला दाखव, घरी पक्कं करत बसू नकोस.