सही माझीच आहे, मग आता तक्रार करता येईल का?

लग्नाला सात-आठ महिने झाले असताना तिच्या मावसबहिणीने तिला एक जाहिरात पाठवली. मेकअप आर्टिस्टच्या पेजवरची पेड जाहिरात, खाली 'आजच बुक करा' असं बटण आणि वर हिचाच चेहरा, अगदी जवळून टिपलेला, डोळे भरून आलेले. तो फोटो तिने स्वतःच्या प्रोफाइलवरसुद्धा टाकला नव्हता. मेकअप त्याच आर्टिस्टने केला होता, फोटो लग्नाच्या फोटोग्राफरने काढला होता, पण तो वापरण्याबद्दल तिच्याशी कुणी चकार शब्द बोललं नव्हतं.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "फोटोग्राफरच्या करारावर सही तूच केलीस ना?" सासूबाई म्हणाल्या, "फोटो छानच आलाय की, एवढं काय त्यात!" समुपदेशनाला आली तेव्हा तिला रागापेक्षा अपराधीपणाच जास्त वाटत होता. प्रश्न एकच: सही केली म्हणजे सगळंच देऊन टाकलं का?

अशा वेळी फोटोंची मालकी कुणाची आणि वापराची परवानगी कुणाला, हे दोन प्रश्न आधी वेगळे करावे लागतात. भांडणात ते एकमेकांत मिसळतात आणि मग 'पैसे आम्ही दिले', 'कॅमेरा माझा' यापुढे गाडी सरकत नाही.

मालकीबाबत भारतातला 1957 चा कॉपीराइट कायदा बराच स्पष्ट आहे. फोटो काढणारा हा त्या फोटोचा कर्ता. पण मोबदला देऊन कुणी फोटो काढून घेतला असेल आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर कलम 17 नुसार पहिला मालक काढून घेणारा ठरतो. म्हणजे करारात अवाक्षर नसेल तर पारडं ग्राहकाकडे झुकतं. ब्रिटन-अमेरिकेत साधारण उलट आहे, तिथे फोटोग्राफर मालक असतो. मात्र ब्रिटनच्या 1988 च्या कायद्यात खासगी, घरगुती कामासाठी काढून घेतलेले फोटो लोकांसमोर न येऊ देण्याचा वेगळा हक्क ग्राहकाला आहे. इंटरनेटवरून उतरवलेल्या कराराच्या परदेशी नमुन्यात 'सर्व हक्क फोटोग्राफरकडे' हे वाक्य सापडतं. ग्राहकाला जपणारा तो हक्क नमुन्याबरोबर येत नाही.

एक खाच इथे नेहमी राहून जाते. 'काढून घेणारा' नक्की कोण? बुकिंग वडिलांनी केलं असेल, किंवा लग्नाचं पॅकेज घेतलेल्या इव्हेंट कंपनीने फोटोग्राफर लावला असेल, तर वर-वधू या व्यवहारात कागदोपत्री कुठेच नसतात. म्हणून पावती आणि करार कुणाच्या नावावर आहे ते सर्वांत आधी पाहावं.

तिच्या प्रकरणात करार तिच्याच नावावर होता. दोन पानी, आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी हे कलम: 'सर्व छायाचित्रांचे हक्क स्टुडिओकडे राहतील. स्टुडिओ आपल्या कामाच्या प्रसिद्धीसाठी ती वापरू शकेल.'

पहिल्या वाक्याने मालकी स्टुडिओकडे गेली, त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या वाक्याने मात्र तिची बाजू भक्कम केली. परवानगी स्टुडिओच्या स्वतःच्या कामासाठी होती. वेबसाइटवर नमुना म्हणून फोटो टाकणं त्यात बसतं. दुसऱ्या व्यावसायिकाला मूळ फाइल देणं आणि त्याने ती पैसे भरून जाहिरातीत चालवणं, हे त्या वाक्यात ओढूनताणूनही बसवता येत नाही. लग्नाच्या धंद्यात फोटोंची देवाणघेवाण सर्रास चालते. फोटोग्राफर फोल्डर पाठवतो, बदल्यात मेकअपवाले आणि सजावटवाले त्याला टॅग करतात. 'सगळेच असं करतात' हे उत्तर हमखास येतं. करारात तसं कलम नसतं.

सगळ्यात आधी पुरावा. पोस्ट काढायला सांगण्यापूर्वी स्क्रीनशॉट घ्यायचा, त्यात पेजचं नाव, तारीख आणि लिंक दिसली पाहिजे. जाहिरात असल्याची खूण, म्हणजे 'प्रायोजित' हा शब्द, चौकटीत आला पाहिजे, कारण साधी पोस्ट आणि पेड जाहिरात यांत इथे फार फरक आहे. सोबत करार, ॲडव्हान्सची पावती आणि बुकिंगच्या वेळचं व्हॉट्सॲप संभाषण एका जागी ठेवायचं. बरेच जण आधी फोनवर तावातावाने बोलतात, पोस्ट तासाभरात गायब होते आणि हातात काहीच उरत नाही.

पत्रं दोन लिहिली, आणि वेगवेगळी. स्टुडिओला ईमेल: फोटोचा फाइल क्रमांक, करारातलं कलम जसंच्या तसं, आणि तीन मागण्या. जाहिरात थांबवून घ्या, हे फोटो आणखी कुणाकुणाला दिले त्याची यादी द्या, यापुढे लेखी विचारल्याशिवाय देऊ नका. मुदत सात दिवस. मेकअप आर्टिस्टचं पत्र सौम्य ठेवलं, कारण फोटोग्राफरने दिला म्हणजे परवानगी असणारच, असं ती मंडळी पुष्कळदा प्रामाणिकपणे समजतात.

पुढची पायरी समाजमाध्यमाकडे तक्रारीची, आणि तिथेच बहुतेकांचा अर्ज चुकतो. कॉपीराइटच्या फॉर्ममध्ये 'मी मालक आहे' असं जाहीर करावं लागतं. तिने मालकी लिहून दिली होती, त्यामुळे तो फॉर्म तिने भरणं खोटं ठरलं असतं. तिच्यासाठी गोपनीयतेच्या तक्रारीचा फॉर्म योग्य. कॉपीराइटची तक्रार मालक म्हणून स्टुडिओने करायची, आणि ही मागणी पत्रात चौथी म्हणून घातली. भारतीय नियमांनुसार कॉपीराइटची अशी रीतसर लेखी तक्रार आल्यावर 36 तासांत ती सामग्री बंद करायची असते. 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर ती पुन्हा सुरू होऊ शकते.

एवढी वेळ आली नाही. स्टुडिओने चूक मान्य केली, आर्टिस्टने जाहिरात काढली. यादीत मात्र आणखी एक नाव निघालं: त्या दिवशी मदतीला आलेला दुसरा फोटोग्राफर. तो स्टुडिओचा नोकर नव्हता, त्या दिवसापुरता बोलावलेला होता, आणि त्याने आपल्या पेजवर स्वतंत्रपणे फोटो टाकले होते. 'टीममधील प्रत्येकाची जबाबदारी स्टुडिओची' ही ओळ करारात नसली की असं होतं.

सही करण्यापूर्वीच हे निभावायचं असेल, तर सरसकट नकार द्यायलाच हवा असं नाही. फोटोग्राफरला पुढचं काम नमुने दाखवूनच मिळतं, आणि पूर्ण खासगी कामाचे काही जण जास्त पैसे घेतात, तेही गैर नाही. मधला मार्ग म्हणून असं कलम सुचवतो: 'अल्बम दिल्यानंतर, ग्राहकाने लेखी मान्य केलेले जास्तीत जास्त 25 फोटो स्टुडिओ आपल्या वेबसाइटवर व पेजवर नाव न टाकता दाखवू शकेल. पेड जाहिरात, स्पर्धा, इतर व्यावसायिक, फोटोविक्री आणि एआय प्रशिक्षण यांसाठी प्रत्येक वेळी वेगळी लेखी परवानगी लागेल.' लहान मुलांचे आणि पाहुण्यांचे जवळून घेतलेले फोटो यातून वगळावेत. सही आधीच झाली असेल तरी दोघांच्या संमतीने एक पानी पुरवणी जोडता येते.

मालकी स्टुडिओकडे राहणार असेल तर तुमच्या वापराचंही लिहून घ्या: छपाई, नातेवाइकांना देणं, स्वतःच्या प्रोफाइलवर टाकणं. काही लॅब मोठ्या प्रिंटसाठी फोटोग्राफरचं पत्र मागतात. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली संपादन न केलेली मूळ फाइल, मिळणार का आणि डेटा किती महिने सांभाळला जाईल, हेही त्याच पानावर यावं. आणि मालकी तुमच्याकडे आली तरी कर्ता म्हणून त्याच्या नावाचा हक्क कलम 57 नुसार त्याच्याकडेच राहतो. वॉटरमार्क, म्हणजे फोटोवरची त्याच्या नावाची खूण, खोडून फोटो फिरवला तर त्यालाही बोट दाखवायला जागा मिळते.

नवऱ्याला तिने तेच कलम वाचायला दिलं, त्यानंतर 'सही तूच केलीस' हे बंद झालं. तिला महिनाभराने उलट फोटोशोध, म्हणजे फोटो टाकून तो इंटरनेटवर कुठे कुठे आहे ते शोधणं, करून पाहायला सांगितलं आहे, कारण थांबवलेली जाहिरात खात्यात तशीच पडून असते आणि पुढच्या हंगामात कुणीतरी ती चुकून परत सुरू करतं.